पाळतीची ओळ

त्या दुपारी एडेमने मला जेवायला ये म्हटलं नाही. झालं ते एवढंच. कुणाला सांगितलं तर हसेल, म्हणेल, काय हो सेर्वाबाई, चाळिशी आली आणि डब्यावरून रुसताय? हसू दे. समोर माणूस उभं असताना आपण घास उचलायचा आणि ‘ये, हात धुऊन घे’ म्हणायचं नाही, हे आमच्या अक्रात चुकून होत नाही. रस्त्याकडेला मक्याच्या पानात बांधलेली केंकी सोलून खाणारी बाई समोरून जाणाऱ्या पोलिसालाही या म्हणते, तो पोटावरून हात फिरवून ‘चालू द्या’ म्हणतो, आणि दोघांचाही मान राहतो. माझा आणि एडेमचा तर मानपानाचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं आम्ही एका वाडग्यात जेवत होतो. तो घरून बहिणीने केलेला बांकू आणायचा, आंबवलेल्या मक्याचे गरम गोळे फडक्यात गुंडाळलेले, आणि भेंडीचं सार. मी खालच्या फुटपाथवरून तळलेला मासा आणायची. बंद पडलेल्या प्रिंटरवर वर्तमानपत्र पसरायचं, मधे मातीचं वाडगं, तो त्याच्या बाजूने खायचा, मी माझ्या. ‘माझ्या हद्दीत शिरू नकोस.’ ‘तुझ्या हद्दीत माशाचं डोकं गेलंय, ते आधी परत कर.’ ‘तुला कशाला आणखी एक डोकं? आहे तेच वापरत नाहीस.’ असं चालायचं. आणि त्या दुपारी मी माशाचा पुडा घेऊन जिना चढून आले, तर हा खिडकीत, माझ्याकडे पाठ, वाडगं खिडकीच्या कट्ट्यावर, फोन कान आणि खांद्यात दाबलेला, एवे भाषेत भराभर बोलतोय. मी असांती, एवे मला शिव्यांपुरती कळते. तीनच शब्द कळले, एक नाव आणि दोन इंग्रजी. जिफा, फ्रिज, पिशवी. जिफा म्हणजे त्याची थोरली बहीण. त्याने वळून मला पाहिलं, फोन ठेवला, आणि डाव्या हाताने लॅपटॉप मिटला.

‘काय झालं रे?’

‘काही नाही गं. घरचं.’

‘बरं.’

त्याचा उजवा हात वाडग्यात तसाच होता. मी थोडा वेळ उभी राहिले, म्हटलं आता म्हणेल, मग म्हणेल. तो खिडकीबाहेर बघत बसला. मी माझ्या टेबलाशी जाऊन एकटीने मासा खाल्ला. काटे काढता काढता मला माझाच राग आला.

राग यायचं कारण असं की मनात पाल आधीच चुकचुकली होती, आणि आठवडाभर मी तिला दाबून ठेवलं होतं. आम्ही अक्रातल्या अडाब्राकात केसांच्या तेलाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन रक्तपेढ्यांसाठी एक खोकं बनवतो. हातभर लांब, फ्रिजशेजारी भिंतीला टांगायचं. ते फ्रिजचं तापमान मोजत राहतं. तपासणीस बाई रक्ताची पिशवी बघून ‘चांगली’ किंवा ‘देऊ नका’ असं बटण दाबते ते टिपून ठेवतं. आणि जमेल तसं सगळं मुख्य कचेरीला पाठवतं. ही तीन कामं तीन थ्रेड करतात. एका घरात राबणारी तीन माणसं म्हणा. तिघांच्या नोंदी खोक्यातल्याच एका लहानशा डेटाबेसमध्ये जातात. त्याला ना वेगळा सर्व्हर, ना कुणी पहारेकरी. एक फाइल, आणि तिच्यापर्यंत जाणारं एकच कनेक्शन, तिघांत मिळून. तर आठवड्यापूर्वी क्वार्टेसाहेबांनी, म्हणजे आमच्या बॉसनी, मला आत बोलावून दार लावलं होतं. समुद्राकडच्या एका रुग्णालयात, आधी चांगली ठरलेली पण नंतर ‘देऊ नका’ म्हणून नोंदवलेली एक पिशवी खोक्यावर अजून ‘चांगली’च दिसत होती. तपासणीस बाईने तिच्यावर चिकटवलेली लाल चिठ्ठी गारव्याने गळून पडलेली. पिशवी बाळंतिणीच्या वॉर्डात पोचलीसुद्धा. डॉक्टरने रंग बघून परत पाठवली म्हणून निभावलं.

‘नोंद आपोआप उडू शकते का?’ क्वार्टेसाहेबांनी विचारलं.

‘नाही बॉस. कुणी उडवली तरच उडते.’

‘फाइलची चावी कुणाकुणाकडे आहे?’

‘माझ्याकडे. आणि एडेमकडे.’

ते आपल्या नखांकडे बघत राहिले. मोठा सज्जन माणूस, चर्चमध्ये वर्गणी गोळा करतो, कुणावर आवाज चढवत नाही. ‘मग गुपचूप बघ,’ ते म्हणाले. ‘कुणाला न दुखवता. असं पुन्हा झालं तर रुग्णालय खोकी उचकटून फेकेल आणि पोलिसात जाईल. ज्याने केलंय तो तुरुंगात, बाकीचे आपण रस्त्यावर.’

दोघांतला एक. मी नाही, हे मला ठाऊक. मग हिशेब उरतोच किती? तरी मी आठवडाभर तो पुरा केला नव्हता, कारण पुरा केला की ज्या वाडग्यात जेवते त्यात हात घालवणार नाही, हे कळत होतं. आणि जिफा त्याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत तपासणीस. एडेमनेच कौतुकाने सांगितलं होतं, ताई आपल्याच खोक्यावर काम करते म्हणून. मी लाल चिठ्ठ्यांच्या पिशव्या आणि खोक्यातल्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्या एकीबरोबर आणखी काही गळलेल्या निघाल्या. सगळ्या ‘देऊ नका’वाल्या, भर दुपारच्या, आणि बहुतेक जिफाच्या पाळीतल्या. पिशव्या फार खराब व्हायला लागल्या की तपासणीस बायांना बोलणी बसतात, फ्रिजचं दार उघडं ठेवलंत, गप्पा मारत बसलात. मग बहीण सगळ्यांसमोर इमानाने बटण दाबते, आणि इथे भाऊ हळूच ती नोंद पुसतो. महिनाअखेर ताईचं पान स्वच्छ. किती सरळ! एकदा हे डोक्यात आलं आणि इतकी वर्षं न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. तो माझ्याआधी ऑफिसात येतो, का येतो? फोन घेऊन जिन्यात जातो, जिन्यात का? आता तर तो रोज सगळं काम पेनड्राइव्हवर घालून घरी न्यायला लागला, म्हणाला घरी बसून बघतो जरा. काय बघतो? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि आता मला जिकडेतिकडे ओलच दिसत होती.

आणि ती नव्या बोर्डांची गोष्ट. जुन्या खोक्यातल्या चिपला एकच डोकं होतं. तीन थ्रेड असले तरी कामं पाळीपाळीनेच व्हायची. मागच्या वर्षी चार डोक्यांचे नवे बोर्ड आले, आणि एडेम खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसला.

‘सेर्वा, आता हे तिघं खरोखर एकाच वेळी हात घालणार. प्रत्येकाला आपापलं कनेक्शन देऊ या.’

‘कशाला? डेटाबेस स्वतःच कुलूप घालतो. एका वेळी एकच हात आत जातो.’

‘हात एकच जातो गं. पण एखाद्याचं काम चार हातांत पुरं होतं. त्याच्या दोन हातांच्या मधे दुसऱ्याचा शिरला तर?’

‘तर काय? चालतंय ना? चालत्या गाडीला खीळ घालू नकोस.’

तेव्हा तो हसून उठला होता, म्हणाला, ‘बरं बाई, तू थोरली.’ आता ते बोलणं मला वेगळंच ऐकू यायला लागलं. आपापलं कनेक्शन! म्हणजे फाइलपर्यंत जायला आणखी दारं. मी एका दाराशी बसलेली, आणि त्याला हवी होती मागची दारं. मी नाही म्हटलं ते किती बरं केलं, असं मी मनात म्हटलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. खोटं कशाला बोलू, संशयाला एक चव असते. जिभेला एकदा लागली की बाकी सगळं अळणी लागतं.

मग मी पाळतीची ओळ घातली. म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ; आमच्या दोघांच्या कामाखाली एक जुना सामायिक भाग आहे, त्यात कुणी कधी डोकावत नाही, तिथे. फाइलला कुणीही हात लावला, की कोण, काय करायला, हे एका लपवलेल्या जागी लिहून ठेवायचं. नव्या सुधारणेबरोबर ती सगळ्या खोक्यांवर गेली. एडेमला सांगितलं, घड्याळाची दुरुस्ती आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ‘बरं’ म्हणाला. आता फक्त वाट बघायची होती. आणि काय आश्चर्य, त्या दिवसापासून नोंदी गळायच्या थांबल्या. एकही नाही. लाल चिठ्ठ्या आणि नोंदी अगदी जुळत्या. साधं माणूस देवाचे आभार मानेल. मी मात्र मानले नाहीत. कळलं ह्याला! पाळत बसली की लगेच हात आवरला. मुद्दाम म्हणून मी ओळ काढून घेतली, तर रोज दुपारी लाइट जाणाऱ्या त्या आठवड्यात दोन नोंदी गेल्या. पुन्हा घातली, पुन्हा शांत. आणखी काय पुरावा हवा होता? ज्याला पाळत कळते तोच चोर. चोरी न सापडणं हीच चोराची हुशारी.

हे शिक्षण मला घरातलं. कुमासीला आमच्याकडे वडिलांची बहीण राहायची, कोनादूआत्या. नवऱ्याने टाकलेली, जाडजूड, सदा गुणगुणणारी. साखरेच्या डब्यातली साखर कमी होते असं आईच्या डोक्यात बसलं. आई बाजारात कापड विकणारी बाई, गजातलं बोटभर सुटलं तरी तिला कळायचं. तिने साखर चमच्याने सपाट केली आणि वर नखाने एक रेघ ओढली. मला दाखवली. ‘बोलू नकोस हं.’ दुसऱ्या दिवशी रेघ तशीच. तिसऱ्या दिवशीही तशीच. मी म्हटलं, आई, आत्या नाही खात. आई माझ्याकडे बघून कीव आल्यासारखी हसली. ‘वेडी गं वेडी. तिने रेघ पाहिली म्हणून हात लावत नाही. खात नसती तर डबा उघडला असता, रेघ मोडली असती.’ मला ते फार खोल वाटलं. आत्याला गावी पोचवलं तेव्हा ती गाठोड्यावर बसून रडत होती आणि मी दाराआडून बघत होते, चोर रडतो कसा ते. ती गेल्यावरही साखर कमी होतच राहिली. आई म्हणाली, आता मुंग्या लागल्या.

ही साखर मला त्या दिवसांत आठवत नव्हती असं नाही. रोज आठवायची. पण मी तिचा अर्थ लावायची तो आईच्या बाजूने. एडेम आता पुन्हा रोज बोलवायला लागला होता. ‘ये गं, हात धू, ताईने आज खेकडा घातलाय.’ मी म्हणायची पोट भरलंय. पोट भरलंय, सकाळीच खाल्लं, आज उपास आहे. ‘तू कधीपासून उपास करायला लागलीस?’ तो विचारायचा, आणि हसायचा, आणि त्या हसण्यात मला भीती दिसायची. त्याचे डोळे तांबारलेले असायचे. रात्री झोपत नसावा. न झोपायला मन खातंय, असं मी म्हणायची. त्याच्या खाण्याचा आवाज, बोटं चाटण्याचा, माशाचा काटा ताटलीच्या कडेला ठेवण्याचा, सगळं मला ऐकू यायचं आणि मी स्क्रीनकडे बघत बसायची. एकदा त्याने अर्धं वाडगं तसंच ठेवलं. ‘एकट्याला जात नाही गं,’ म्हणाला. मी हेडफोन घातला.

शेवटी मी क्वार्टेसाहेबांना सांगितलं. सगळं सांगितलं, जिफाचं, पेनड्राइव्हचं, कनेक्शनचं, ओळ घातली की थांबतं आणि काढली की सुरू होतं ते. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. ‘अरे देवा. एडेम?’ मग त्याला बोलावलं. मी म्हटलं मी बाहेर जाते. ते म्हणाले, नाही, बस. पाठीमागे बोललीस ते समोर बोल. म्हणून मी समोर बोलले. बोलताना मी त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होते.

‘हे तू म्हणतेस?’ एडेमने विचारलं. ‘तू, सेर्वा?’

‘नोंदी म्हणतायत.’

‘मला ठाऊक आहे नोंदी जातायत. ताईने फोन केला होता. तिने बटण दाबलं, स्क्रीनवर ‘नोंदवलं’ आलं, आणि थोड्या वेळाने बघते तर नाही. तेव्हापासून तेच शोधतोय मी. रोज घरी करून बघतो.’

‘मग? सापडलं?’

‘माझ्याकडे होत नाही,’ तो म्हणाला. ‘सुरुवातीला एकदा झालं होतं. नंतर काही केल्या होतच नाही. हजार वेळा करून बघितलं.’

‘सोयीचंच आहे,’ मी म्हटलं. हे वाक्य मी म्हटलं. कोनादूआत्याच्या गाठोड्याकडे बघत आई असंच काहीतरी म्हणाली होती.

‘बॉस, मला आणखी थोडे दिवस द्या,’ तो म्हणाला. ‘मला नका देऊ वाटलं तर, पण ताईचं नाव तिथे कळवू नका. ती मुलांना एकटी वाढवतेय.’ क्वार्टेसाहेबांचे डोळे भरून आले. पण रुग्णालयाला काहीतरी सांगणं भागच होतं. एडेमने चावी टेबलावर ठेवली. जाताना वाडगं प्रिंटरवरच राहिलं. जिफाला रक्तपेढीतून काढून कपडे धुण्याच्या विभागात टाकलं, चौकशी होईपर्यंत. मला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. वाटलंही, दोन-तीन दिवस. चोर गेला, आता पाळत कशाला, म्हणून मी माझी ओळ काढून टाकली. स्वच्छ काम ठेवायची मला आवड आहे. वाडगं धुऊन कपाटात ठेवलं.

आणि मग भर दुपारी फोन आला. लाइट गेली होती, रक्तपेढीत गर्दी होती, नव्या तपासणीस बाईने ‘देऊ नका’ दाबलं, नोंद गेली. क्वार्टेसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. खाली कुणीतरी जनरेटर ओढत होतं, तो लागत नव्हता.

‘चावी आता कुणाकडे आहे, सेर्वा?’ त्यांनी अगदी हळू विचारलं.

‘माझ्याकडे.’

‘फक्त तुझ्याकडे?’

‘हो बॉस.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि माझ्या ब्लाउजच्या कुठल्यातरी बटणाकडे बघत राहिले. ते बघणं मी ओळखलं. मी तोंड उघडलं, म्हणणार होते, बॉस, मी कशी असेन, मी तर. आणि पुढे काही येईना. मी तर काय? हिशेब माझाच होता. दोघांतला एक गेला, उरला तो चोर. मी काही केलं नव्हतं आणि ते सिद्ध करायला माझ्याजवळ काहीही नव्हतं. ओळ असती तर निदान, असं मनात आलं. आणि मग ओळीचंच मनात घोळायला लागलं. एडेम असताना ओळ होती, नोंदी शाबूत. एडेम असताना ओळ नव्हती, नोंदी गेल्या. एडेम नाही, ओळ नाही, नोंदी गेल्या. ह्यात माणूस कुठे आहे? मी आईच्या डब्यावरची रेघ बघत बसले होते. रेघ चोराने पाहिली म्हणून नव्हे, रेघ होती म्हणूनच काही होत नव्हतं, असं असलं तर?

लाइट परत आली तशी मी कपाटातून एक खोकं काढून टेबलावर मांडलं, तापमापक जोडला. खोक्याला स्वतःची बॅटरी असते; लाइट गेली तरी ते जागं राहतं, पण फ्रिजमधला तापमापक क्षणभर गडबडतो. तापमानाचा थ्रेड एकेका फ्रिजचा आकडा लिहीत जातो आणि सगळे लिहून झाले की म्हणतो, पक्कं करा. मधेच तापमापक गडबडला की म्हणतो, रद्द, आत्ता लिहिलेलं सगळं मागे घ्या. सगळं. पण कनेक्शन एकच. आत आलेली नोंद कुणी लिहिली, हे ते विचारत नाही. त्याच निमिषात बाईने बटण दाबलेलं असेल, तर तिची नोंदही त्या ‘सगळं’मध्येच. जुन्या एका डोक्याच्या खोक्यात ही गाठ सहसा पडत नव्हती, आम्ही नशिबाने वाचत होतो. नव्यात सगळे खरोखर एकदम राबतात. एका हाताने तापमापकाचा प्लग उपटायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. प्लग, बटण. प्लग, बटण. वेड्यासारखी करत राहिले. आणि एकदा स्क्रीनवर ‘नोंदवलं’ आलं आणि फाइलमध्ये काही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हाताखालून गेलं. खोलीत कुणी चोर नव्हता. मग मी पाळतीची ओळ परत घातली आणि पुन्हा प्लग, बटण, संध्याकाळपर्यंत. एकदाही झालं नाही. ओळीला लिहिण्यासाठी जागा एकच होती, सगळ्यांना तिथे रांगेत थांबावं लागे, आणि त्या थांबण्यात दोघांची टक्कर चुकत होती. माझी पाळतच राखण करत होती. साप साप म्हणून मी इतके दिवस भुई धोपटत बसले होते. मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडले. क्वार्टेसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

तिघांना आपापलं कनेक्शन दिलं. एडेमने सांगितलं होतं तसंच, त्याच्याच शब्दांत. सकाळच्या चहापर्यंत झालंसुद्धा, इतकं सोपं होतं. क्वार्टेसाहेबांनी रुग्णालयाला लिहिलं, एडेमला फोन केला. मला म्हणाले, तू जाऊन ये. मी म्हटलं, त्यांना कळलंय की. ते म्हणाले, कळणं वेगळं.

रविवारी चर्च सुटल्यावर मी आशायमानला एडेमच्या घरी गेले. ट्रोट्रोतून, त्या खच्चून भरणाऱ्या भाड्याच्या व्हॅनमधून, उतरून चालताना माझ्या हातात माशाचा पुडा होता, मोठा मासा, डोक्यासकट. अंगणात आंब्याच्या सावलीत बाकड्यावर एडेम आणि जिफा समोरासमोर बसलेली, मधे वाडगं. ऑफिसातल्या वाडग्यापेक्षा मोठं. मला बघून दोघांचेही हात थांबले. मी दारातच उभी राहिले. पायाखाली कोंबडी फिरत होती.

जिफाच आधी बोलली. ‘या सेर्वाबाई. जेवायला बसा. चोरांच्या घरचं चालत असेल तर.’

‘ताई,’ एडेम म्हणाला.

‘काय ताई? हातांची सालं गेली माझ्या त्या चादरी धुऊन. बोलू पण नको?’

‘बोला,’ मी म्हटलं. ‘माझी चूक झाली, जिफाताई. मी, मला वाटलं की...’ पुढचं वाक्य मी ट्रोट्रोत घोकलं होतं, ते गेलं. ‘तुम्हाला परत रक्तपेढीत घेणार आहेत. क्वार्टेसाहेबांनी लिहून दिलंय. आणि एडेम, सोमवारी तुला...’

‘फोन आला होता. येईन,’ तो म्हणाला. ‘काम तर करायलाच हवं.’ मग त्याने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ‘एक विचारू? तुझी ती ओळ. सामायिक भागात होती म्हणालीस. मी घरी नेत होतो त्या कामातही ती असणार.’

‘हो.’

‘म्हणून माझ्याकडे होत नव्हतं.’

‘हो.’

‘रात्र-रात्र बसत होतो,’ तो म्हणाला, बहिणीला सांगितल्यासारखं. ‘मला वाटायला लागलं होतं की ताई तू बटण दाबलंच नसशील. तुला मी एकदा विचारलंसुद्धा.’

‘विचारलंस,’ जिफा म्हणाली. ती वाडग्याकडे बघत होती.

मग एडेमने माझ्या हातातला पुडा घेतला, सोडला, मासा बघितला. वाडग्यातला हात काढून पाण्याच्या भांड्यात धुतला, आणि घरात गेला. मला वाटलं आता येत नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एनॅमलची एक ताटली होती, निळ्या काठाची, पाहुण्यांना देतात ती. तिच्यात त्याने एक बांकू ठेवला, वाडग्यातलं सार पळीने काढून वर घातलं, माशाचं डोकं मोडून त्यावर ठेवलं, आणि ताटली दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

‘बस,’ तो म्हणाला. ‘गरम आहे तोवर जेव.’

मग तो बहिणीसमोर जाऊन बसला आणि दोघं वाडग्यात जेवायला लागली. मी हात धुतले, ताटली मांडीवर घेतली आणि जेवले.